चित्र लिलावात टाकण्याआधी त्याची मागची बाजू पाहा

महोदय,

पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 118 कोटी रुपयांना गेले. त्यानंतर घरातल्या जुन्या चित्रांचे काय येईल, अशी विचारणा आमच्याकडे वाढली आहे. शाळेत हयात घालवलेले ड्रॉइंग मास्तर, चादरींचे नक्षे काढणारे डिझायनर, पाट्या रंगवून घर चालवणारे पेंटर अशा कितीतरी सोलापूरकरांनी फार सुंदर जलरंग आणि तैलचित्रे करून ठेवली आहेत. वारसदार मोबाइलवर फोटो काढून ती ऑनलाइन लिलावात टाकतात आणि एकही बोली न येता चित्र परत येते. चित्रात खोट असते असे नाही. लांब बसून बोली लावणाऱ्याला त्या चित्राबद्दल काहीच सांगितलेले नसते.

नामवंताच्या चित्राचा अंदाज आधीच्या लिलावांच्या आकड्यांवरून बांधता येतो. अनोळखी चित्रकाराचे तसे आकडे नसतात, त्यामुळे कागदपत्रांनाच महत्त्व येते. ही कागदपत्रे बहुधा चित्राच्या पाठीशीच असतात. फ्रेमच्या मागचा पुठ्ठा सावकाश सोडवला की कधी पेन्सिलीने लिहिलेले शीर्षक आणि साल दिसते, कधी वार्षिक प्रदर्शनात चित्र दाखल करताना चिकटवलेली चिठ्ठी, कधी रंगाच्या दुकानाचा किंवा फ्रेमवाल्याचा शिक्का. नवी फ्रेम घालताना हा सगळा ऐवज कचऱ्यात जातो, याचे आम्हाला फार वाईट वाटते. चिठ्ठी सोलू नका, आहे तिथेच तिचा फोटो घ्या. चित्रकाराचे पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची साले, शिक्षण, नोकरीची शाळा किंवा गिरणी, प्रदर्शनाच्या पत्रिका, बक्षिसाची प्रमाणपत्रे हे सारे एका पानावर मांडा. सही पुसट असली तर पुसटच राहू द्या. तिच्यावरून कोणी ब्रश फिरवला, की जाणकाराचा संपूर्ण चित्रावरचा विश्वास उडतो. ओल्या फडक्याने किंवा स्पिरिटने चित्र पुसण्याचेही तेच. जलरंग तिथल्या तिथे पसरतो आणि तैलचित्राचे वॉर्निश पांढुरके पडते.

फोटो काच काढून, सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न वापरता घ्यावा. पूर्ण चित्र, मागची बाजू, सही, चारही कोपरे आणि जिथे बिघाड असेल ती जागा जवळून. वाळवीचे भोक किंवा तपकिरी डाग लपवला, तर चित्र हातात पडल्यावर ग्राहक ते परत करतो आणि दोन्ही वेळचा वाहतूक खर्च आपल्या माथी येतो. माप सेंटीमीटरमध्ये, फ्रेम वगळून, आधी उंची मग रुंदी असे द्यावे.

सर्वाधिक नुकसान राखीव किमतीत, म्हणजे ज्याखाली चित्र विकायचे नाही त्या आकड्यात होते. घरच्यांच्या मनात लाखाचा आकडा असतो, तोच राखीव किंमत म्हणून दिला जातो. लिलावगृह अंदाजित किंमत खालचा आणि वरचा अशा दोन आकड्यांत देते; राखीव किंमत त्यातल्या खालच्या आकड्याहून जास्त असू नये, हा लिलावातला रुळलेला संकेत आहे. बोली सुरू व्हायची तर सुरुवात कमीच हवी. चित्र न विकता राहिले, तर ती नोंद पुढच्या ग्राहकाला दिसते आणि दुसऱ्या खेपेस भाव आणखी घसरतो. म्हणून एकाच चित्रकाराची दहा-बारा चित्रे एकदम काढू नयेत. आधी एक-दोन चांगली विकू द्यावीत, मग पुढच्या चित्रांना त्याच आकड्यांचा आधार होतो.

हिशेबही आधी मांडावा. समजा शेवटची बोली 20,000 रुपयांची झाली आणि लिलावगृहाचे कमिशन 15 टक्के आहे. 3,000 कमिशन आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 540 वजा जाऊन 16,460 उरतात. फोटो, विमा, वाहतूक त्यातूनच. उलट ग्राहकाला बोलीवर लिलावगृह घेते ती 20 टक्के जादा रक्कम (प्रीमियम) आणि त्यावरचा जीएसटी धरून किमान 24,720 मोजावे लागतात, त्यामुळे तोही हात राखूनच बोली लावतो. करारात हे दर, पैसे मिळण्याची मुदत आणि न विकलेले चित्र परत आणण्याचा खर्च कोणाचा, हे लिहून घेतल्याशिवाय चित्र घराबाहेर काढू नये. थेट विक्रीत ‘चुकून जास्त पाठवले, फरक परत करा’ असे कोणी म्हणाले, तर आपल्या बँक खात्यात रक्कम खरोखर आली आहे का ते पाहावे. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात तैलचित्राला बबल रॅप थेट लावणे घातक. गोदामातल्या उष्णतेने रंग मऊ पडतो आणि बुडबुड्यांचे ठसे उमटतात. आधी ग्लासिन हा गुळगुळीत, रंगाला न चिकटणारा कागद, मग बबल रॅप. कॅनव्हास गुंडाळायचाच असेल, तर रंगाची बाजू बाहेर ठेवून किमान 15 सेंटीमीटर व्यासाच्या नळीवर. रंग आत ठेवला की तो दाबला जाऊन त्याला सुरकुत्या पडतात.

चित्र विकले म्हणजे त्याचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) विकला, असे होत नाही. तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे वारसांकडे राहतो. लेखी करार नसेल, तर ग्राहकाला त्यावरून कॅलेंडर छापता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी चित्रे 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतात, ती परदेशी ग्राहकाला पाठवता येत नाहीत.

संपादक महोदय, सोलापुरातल्या जुन्या प्रदर्शनांचा पुरावा आज कुठे सापडत असेल, तर तो वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत. दोन ओळींची बातमी, तारीख आणि सहभागी चित्रकारांची नावे एवढेही पुरते. आपल्या दप्तरातले हे अंक चित्रकारांच्या कुटुंबीयांना पाहू द्यावेत आणि त्या बातमीची छायाप्रत अंकाच्या तारखेसह मिळण्याची सोय करावी, ही विनंती.

आपले,
चित्रफ्रेमिंग आणि चित्रविक्रीच्या व्यवसायातील काही वाचक, सोलापूर