बोडीकाठच्या गोगलगायी दाखवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली तेव्हा आमच्याकडे धानाची रोवणी ऐन भरात होती, त्यामुळे निरोपाला तालुक्याला येणे जमले नाही. तेव्हाचे राहिलेले आभार आज मानतो आहे. हे पत्र सर्वांसमोर लिहिण्याचे कारण इतकेच की, गुरांच्या यकृतातल्या जंतांबद्दल तुम्ही आम्हांला जे दाखवले ते सिंदेवाही तालुक्यातील एका गावापुरते नाही. जिथे जिथे धानाच्या बांध्या आहेत, बोडी म्हणजे पाणी साठवायचे लहान तळे आहे आणि बोडीला लागून जंगल आहे, तिथल्या प्रत्येक कोठ्याशी त्याचा संबंध आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या माघात माझ्या बांड्या बैलाच्या जबड्याखाली सूज आली. बैल खंगत चालला होता, शेण पातळ पडत होते, आणि शेजाऱ्यांची म्हैसही तशीच सुजून अंथरुणाला लागली होती. गावात सर्वांनी घटसर्प ठरवला. एका इंजेक्शनवाल्याने तीन दिवस सुया टोचल्या, त्याचे पैसेही मी दिले. तुम्ही आलात, थर्मामीटर लावला, सुजेवर बोट दाबून धरले आणि बोट काढल्यावर राहिलेला खळगा मला दाखवला. घटसर्पात जनावर तापाने फणफणते, सूज गरम व दुखरी असते आणि एक-दोन दिवसांत निकाल लागतो. शिवाय तो बहुधा पावसाळ्यातला रोग आहे, असे तुम्ही शांतपणे सांगितलेत. बांड्याची सूज थंड होती आणि पापणीच्या आतला भाग कागदासारखा पांढरा पडला होता. रक्त कमी झाले की पाणी असे जबड्याखाली उतरते, हे मला पन्नाशीत कळले.

म्हैस त्याच रात्री गेली. दुसऱ्या दिवशी गावाबाहेर तुम्ही तिचे यकृत कापून दाखवलेत, तो प्रसंग गावातील कोणीही विसरलेले नाही. पित्ताच्या नळ्या दोरखंडासारख्या जाड झाल्या होत्या आणि सुरी फिरताच त्यांतून चपटे, पानासारखे, बोटाच्या दोन पेरांएवढे जंत बाहेर सरकले. तोपर्यंत आमच्या लेखी जंत म्हणजे शेणात दिसणारी पांढरी दोरी. हे जंत यकृतात राहतात, त्यांची अंडी पित्तासोबत आतड्यात येतात, आणि ती इतकी बारीक असतात की शेणात पाहूनही दिसत नाहीत, हे कोणाला ठाऊक असणार? बांड्याचे शेण पाण्यात कालवून, गाळून, वरचे पाणी पुन्हा पुन्हा ओतून टाकून तळाचा गाळ तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली धरलात आणि ती सोनेरी पिवळी अंडी मला स्वतःला पाहू दिलीत. नुसती औषधाची चिठ्ठी देऊन तुम्ही निघून गेला असता तरी मी तक्रार केली नसती.

परंतु माझे खरे ऋण त्यानंतरच्या संध्याकाळचे आहे. चितळे आणि गवे रात्री बोडीवर येतात, त्यांनीच हा रोग आणला, तेव्हा वनविभागाकडे भरपाई मागावी, असे आखरावर, म्हणजे गावातली गुरे जमतात त्या मोकळ्या जागेवर, ठरत होते. मीही त्या मताचा होतो. तुम्ही वाद घातला नाहीत. आम्हांला बोडीच्या काठावर नेऊन चिखलातली पाने उलटवलीत आणि खालच्या लहान गोगलगायी तळहातावर घेतल्यात. शेणातील अंडे पाण्यात फुटते, त्यातून निघालेल्या जिवाला साधारण एका दिवसात अशी गोगलगाय सापडली नाही तर तो मरतो. सापडली तर तिच्या अंगात एकाचे शेकडो होतात, बाहेर पडून गवताला चिकटतात, आणि पाणी ओसरल्यावर जे हिरवे लुसलुशीत गवत पाहून आम्ही हिवाळ्यात हौसेने गुरे सोडतो, त्याच गवतातून पोटात जातात. चितळ हा रोग जसा देऊ शकते तसा घेतेही. मात्र दिवसभर बोडीत शेण टाकणारी गुरे आमची. गव्याला औषध कोण पाजणार? म्हणून हा फेरा तुटायचा तर तो आमच्या कोठ्यातच तुटेल, हे तुमचे म्हणणे होते. त्या दिवशी ते ऐकायला जड गेले, हे कबूल करतो.

बांड्याला तुम्ही दिलेले औषध ऑक्सिक्लोझानाईड होते. ते फक्त मोठ्या झालेल्या जंतांवर चालते, लहान जंत यकृतात वाढतच असतात, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा पाजायचे, हे तुम्ही तीनदा बजावलेत आणि माझ्याकडून वदवूनही घेतलेत. आता हिवाळ्यात आणि पावसाळा लागण्याआधी गावात पाजणी होते. गुरांनी बोडीत उतरू नये म्हणून ग्रामपंचायतीने हातपंपाजवळ हौद बांधला आहे. धान बुडख्याजवळून न कापता थोडे वरून कापतो आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, चांगले वाळल्याशिवाय गुरांपुढे टाकत नाही. तीन-चार घरांची गुरे अजूनही बोडीत उतरतात. त्यांच्याशी माझे बोलणे चालू आहे, कधी कधी भांडणही. बोडीतले शिंगाडे दाताने सोलून कच्चे खाऊ नयेत, कारण हे जंत पाणवनस्पतींवरून माणसाच्या पोटातही जाऊ शकतात, हे मात्र बायांनी पुरुषांआधी मनावर घेतले. मुले अजून ऐकत नाहीत.

बांड्या सावरला. पूर्वीइतकी ओढ त्याच्यात राहिली नाही, हलकी वखरणी तेवढी करतो. यकृत एकदा चरत गेले की सगळे भरून येत नाही, हे तुम्ही आधीच सांगितले होते, त्यामुळे माझी निराशा झाली नाही.

एक विनंती आहे. म्हशीच्या यकृतातील जंत तुम्ही बाटलीत घालून शाळेला दिले होते. गुरुजी दरवर्षी ती बाटली मुलांना दाखवतात आणि पोळ्याच्या दिवशी आखरावरही आणतात. तिच्यातील द्रव आता निम्म्यावर आला आहे. त्यात काय आणि किती घालायचे, ते कृपया कळवावे.

आपला कृतज्ञ,
बांड्याचा मालक