तक्रार पत्र : सुरक्षेच्या अभ्यासक्रमात सुरक्षाच बंद करायला शिकवल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्रशिक्षण विभाग.

विषय : लिनक्स प्रशासन व सुरक्षा अभ्यासक्रमातील सदोष अध्यापनाबाबत तक्रार.

महोदय,

आपल्या कंपनीच्या वरील अभ्यासक्रमाला मी पूर्ण शुल्क भरून प्रवेश घेतला होता. सर्व्हर सुरक्षित ठेवण्याचे काम प्रात्यक्षिकांसह शिकवले जाईल, असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात मात्र संरक्षणाची जी तरतूद आडवी येईल ती बंद करायची आणि पुढे जायचे, हीच सवय आम्हाला लावली गेली.

वेब सर्व्हरच्या प्रात्यक्षिकात होम डिरेक्टरीतील पाने सर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवल्यावर ब्राउझरमध्ये 403 (प्रवेश नाकारला) ही त्रुटी दिसू लागली. प्रशिक्षकांनी आधी संपूर्ण फोल्डरला 777 परवानगी, म्हणजे कोणालाही वाचण्याची, बदलण्याची व चालवण्याची मुभा, दिली. तिचा काहीच उपयोग झाला नाही, तेव्हा त्यांनी एसईलिनक्स, म्हणजे कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फाइलीला हात लावायचा हे फाइलींवरील लेबलांवरून ठरवणारी लिनक्सची सुरक्षा यंत्रणा, बंद केली. पाने दिसू लागली आणि तास संपला, पण 777 तसेच राहिले. वास्तविक हलवलेल्या फाइलींवर जुन्या जागेचेच लेबल कायम राहिले होते. ऑडिट लॉगमध्ये (सुरक्षाविषयक घटनांच्या नोंदवहीत) नकाराची नोंद वाचून, लेबल नव्या जागेनुसार दुरुस्त करणारी रिस्टोरकॉन ही एक आज्ञा दिली असती, तर कोणतेही संरक्षण न काढता काम झाले असते. लॉग उघडून पाहू या का, असे मी विचारले असता "ते परीक्षेला नाही" असे उत्तर मिळाले. मार्च 2024 मध्ये लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या डेटा आकसवणाऱ्या लायब्ररीत घुसवलेला चोरदरवाजा उघडकीस आला, तो एसएसएचने (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या सोयीने) लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा अँड्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांनी छडा लावल्यामुळे. असा छडा लावण्याची रीत शिकण्यासाठीच मी पैसे भरले होते.

एसएसएचच्या बाबतीतही तेच झाले. इंटरनेटवर खुल्या असलेल्या सर्व्हरवर संपूर्ण तुकडीला रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, एकच पासवर्ड देण्यात आला. एखादी सेटिंग कोणी बदलली हे त्यामुळे कधीच कळत नसे. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते आणि सुडो (आपल्या खात्यातून रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय) असते, तर कोणी कोणती आज्ञा चालवली याची नोंद आपोआप राहिली असती. पासवर्डऐवजी डिजिटल किल्लीच्या जोडीने (एक खासगी, एक सार्वजनिक) लॉगिन करणे आणि रूटचे थेट लॉगिन बंद ठेवणे या पायाभूत गोष्टींचा उल्लेखही झाला नाही.

शिवाय सराव सेंटओएस 7 या लिनक्सच्या आवृत्तीवर होता, जिचा आधार (नवी अपडेट मिळणे) 30 जून 2024 रोजीच संपला आहे. त्यामुळे अपडेटची आज्ञा मिररची (अपडेट पुरवणाऱ्या सर्व्हरांची) यादीच न सापडल्याने अडकली आणि सुरक्षा अपडेटचा अख्खा धडा वगळला गेला.

या अभ्यासक्रमातून बाहेर पडणारे विद्यार्थी उद्या एखाद्या पतसंस्थेचा किंवा रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळतील आणि अडचण येताच हेच करतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

तरी सुरक्षेचा संपूर्ण भाग, सध्या आधार असलेल्या आवृत्तीवर आणि जाणकार प्रशिक्षकाकडून, संपूर्ण तुकडीला विनाशुल्क पुन्हा शिकवावा. ते शक्य नसल्यास त्या भागाचे शुल्क परत करावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली विश्वासू,
एक प्रशिक्षणार्थी

सोबत : शुल्काची पावती व माहितीपत्रकाची प्रत.