फॅट पीएस टू ओंकारला देण्याआधी हे वाच

कोल्हापूर, रविवार दुपार

प्रिय संज्या,

तुझ्या मेसेजला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण फोनवर टाइप करून भागण्यासारखा विषय नव्हता. "पीएस फाइव्ह घेतला. जुना फॅट डिस्क रीड एरर दाखवतोय. दिवाळीत ओंकारला देऊन टाकतो," आणि खाली एक हसरा चेहरा. तू हसलास, इथे माझी झोप उडाली. पीएस फाइव्ह घेतल्याचा राग नाही. पैसा तुझा, टीव्ही तुझा, वीजबिल तुझं. पण फॅट, म्हणजे आपला तो जुना जाडजूड प्लेस्टेशन टू, असा खोक्यात घालून द्यायची वस्तू नाही, आणि हे तुला वेगळं सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

आधी खुशाली उरकतो. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर काठावर, डॉक्टर चाल म्हणतात, मी चालतो. झालं.

आता मुद्द्याचं. मशीनला हात लावण्याआधी पहिल्या स्लॉटमधलं मेमरी कार्ड काढ आणि तुझ्या कपाटात ठेव. ओंकारच्या हाती ते लागता कामा नये. पोरगा गुणी आहे, पण अकरा वर्षांचा आहे. नवा गेम "जागा नाही" म्हणाला की तो समोर दिसेल ते पुसेल. ते सोनीचं अस्सल ८ एमबीचं मॅजिकगेट कार्ड आहे, आणि त्यात तुझ्या एकट्याचं काही नाही. नित्याने खेळलेलं करिअर त्यातच आहे, क्रिकेट ०७ मधला आपला तो वादग्रस्त दौराही त्यातच. (तो सामना मी जिंकलो होतो. पत्रात पुरावा राहावा म्हणून लिहितोय.)

कार्ड घातल्यावर पडद्यावर "फॉरमॅट करू का?" असं आलं तर घाबरून 'हो' दाबू नकोस. इतकी वर्षं पडून राहिलेल्या कार्डाच्या पट्ट्यांवर काळपट थर चढतो आणि मशीनला कार्ड वाचता येत नाही. इयरबडला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पूस, वाळू दे, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघ. बहुतेक वेळा माल जागेवर असतो. आणि बाजारातली ती ६४ आणि १२८ एमबीची बिनानावाची कार्डं सेव्ह ठेवायला वापरू नकोस. ती भरत आली की आतला मजकूर बिघडवतात, तेही न सांगता.

कॉपी अशी काढायची: फ्री मॅकबूट (कार्डावरून बाहेरचे प्रोग्रॅम चालवू देणारं सॉफ्टवेअर) घातलेलं एक वेगळं कार्ड लागतं, ते मी देतो. ते दुसऱ्या स्लॉटमध्ये, आपलं अस्सल पहिल्यात. एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला साधा पेनड्राइव्ह पुढच्या यूएसबीत. यूलाँचएल्फ, म्हणजे फाइली बघायचा-हलवायचा प्रोग्रॅम, उघडलं की पहिलं कार्ड 'एमसी झीरो' म्हणून दिसतं आणि पेनड्राइव्ह 'मास' म्हणून. प्रत्येक गेमच्या सेव्हचा एकेक फोल्डर असतो, आपल्या पाल (युरोप-भारताकडच्या टीव्ही पद्धतीच्या) मशीनवर त्यांची नावं बहुधा 'बीई'ने सुरू होतात. फोल्डर कॉपी कर आणि पेनड्राइव्हवर गेल्यावर नुसतं पेस्ट न करता पीएसयू-पेस्ट निवड. त्याने तारखा आणि बाकीची माहिती धरून अख्ख्या फोल्डरची एकच फाइल बनते, आणि ती परत कार्डावर टाकताना गेम कुरकुर करत नाही. यूएसबी १.१ आहे, गोगलगाय आहे, पण सेव्ह केबींमध्ये असतात, चहा होईपर्यंत उरकतं.

आता लेन्स. डिस्क रीड एरर म्हणजे लेन्स गेली, असं तू ठरवूनच टाकलंस. कुठली डिस्क घातली होतीस ते लिहिलं नाहीस. ज्या डिस्कची मागची बाजू निळी असते ती सीडी, चंदेरी ती डीव्हीडी. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. म्हणून निळी चालते आणि चंदेरी चालत नाही (किंवा उलट) असं असेल, तर मोटर आणि बोर्ड ठीक समजायचे आणि संशय लेझरवर घ्यायचा. दोन्ही चालत नसतील तर आधी धूळ, मग स्लेडचं (लेन्स वाहून नेणाऱ्या सरकत्या गाड्याचं) वाळलेलं ग्रीस, मग बाकीचं. आणि परीक्षा छापील अस्सल डिस्कवर घे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या त्या शंभर रुपयांच्या बर्न केलेल्या डीव्हीडी छापील डिस्कपेक्षा कमी प्रकाश परत पाठवतात, अशक्त लेन्स आधी त्यांच्यावरच अडखळते. तुझ्याकडे अस्सल डिस्क किती होत्या हे मला माहीत आहे, म्हणून एक पार्सलने पाठवतोय. परत कर.

उघडताना: वायर काढ, मशीन उलटं कर, खालच्या चौकोनी टोप्या टाचणीने उचकट, त्याखाली स्क्रू आहेत. वरचं झाकण झटक्यात उचलू नकोस. पॉवर-इजेक्टच्या बटणांची पातळ पट्टी पुढच्या बाजूला जोडलेली असते, ती फाटली तर मशीन चालूच होणार नाही आणि तू लेन्सला शिव्या देत बसशील. ड्राइव्हवरचं पत्र्याचं झाकण चार बारीक स्क्रूंवर आहे. ते निघालं की भिंग दिसतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल घे. मेडिकलमधल्या ७० टक्क्यांच्यात पाणी असतं, डाग राहतो. थिनर, अत्तर, बूटपॉलिश पुसायचा कपडा, यातलं काहीही नको. बड जेमतेम ओला, भिंगावर हलके गोल फिरवायचा, दाबायचा नाही. भिंग तारांवर तरंगत असतं, दाबलं की वाकडं होतं. स्लेड ज्या दांड्यांवर सरकतो त्यांवरचं जुनं ग्रीस पुसून प्लॅस्टिकला चालणारं पांढरं ग्रीस नखाएवढं लाव. काकांचं शिलाई मशीनचं तेल नको. ते पसरतं, धूळ धरतं, आणि एक थेंब भिंगावर गेला की पुन्हा पहिल्यापासून.

एवढ्याने नाही भागलं तर स्लेडजवळचा पांढरा दातेरी चाक बघ. तो भिंगाची उंची आणि कल बदलतो. आधी पेनने त्याच्यावर आणि शेजारच्या प्लॅस्टिकवर खूण कर. मग एकच दात एका बाजूला, झाकण ठेवून डिस्क लावून बघ. फरक नसेल तर खुणेवर परत आण आणि दुसऱ्या बाजूला एक दात. घाईत चार दात फिरवून मग "मूळ जागा कुठली होती?" असं विचारायला मला फोन करू नकोस.

आणि लेझरच्या बाजूचे ते दोन बारीक पॉट (लेझरचा करंट कमी-जास्त करणारे स्क्रू) कुणालाही फिरवू देऊ नकोस! यावरून आपलं भांडण झालं होतं ते आठवत असेल. तुझा तो रिपेअरवाला स्क्रू ड्रायव्हर घालून पॉट फिरवायचा आणि "बघा, चालला" म्हणायचा. चालतोच. लेझरला जास्त करंट गेला की थकलेली लेन्सही वाचते, आणि काही दिवसांत कायमची संपते. गिऱ्हाईक परत येतं, नवी लेन्स विकली जाते. तू त्याला कलाकार म्हणायचास. मी जे म्हणायचो ते पत्रात लिहीत नाही, वहिनीही वाचतील.

लेन्स खरोखर गेलीच असेल तर तुझ्या ५०००० मालिकेला केएचएस-४००सी लागते, अजून मिळते. नव्या लेन्सवर स्थिर विजेपासून बचाव म्हणून सोल्डरचा एक बारीक ठिपका दोन टोकं जोडून ठेवलेला असतो. पट्टी जोडल्यावर तो सोल्डरिंग गनने काढायचा. तो राहिला तर लेझर पेटतच नाही, आणि लोक "डुप्लिकेट माल दिला" म्हणून दुकानदाराशी भांडतात. भांडायला जाण्याआधी ठिपका बघावा.

आता तू म्हणशील, स्लिम (नंतरचा पातळ पीएस टू) घेतला असता तर ही वेळ आली नसती. आलास का परत तिथेच? ७०००० च्या स्लिममध्ये लेन्सची पट्टी वर उचलली जाऊन फिरत्या डिस्कवर गोल चरे पाडायची, पट्टी टेपने खाली चिकटवावी लागायची. शेवटच्या ९०००० मधल्या उशिराच्या मशीनांवर, बायोस (मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) २.३० च्या, फ्री मॅकबूट चालतच नाही. एक मान्य करतो, स्लिमला ट्रेची कटकट नाही आणि ९०००० ला ॲडॉप्टरही बाहेर लोंबत नाही. पण फॅटच्या पाठीत हार्ड डिस्कची जागा आहे आणि ती स्लिमला नाही. वाद संपला.

त्या जागेचं तुला खरं महत्त्व आत्ता कळेल. नेटवर्क ॲडॉप्टर मागे बसवायचा, त्याला पूर्वी ३.५ इंची, जुन्या आयडीई जोडणीची डिस्क लागायची, आता नव्या साटा जोडणीची पाटी टाकून २ टीबीपर्यंतची डिस्क चालते. त्यावर आपल्याकडच्या डिस्कच्या इमेज (हुबेहूब कॉपी) आणि त्या चालवायला ओपन पीएस टू लोडर नावाचा प्रोग्रॅम. लेन्सला विश्रांती. पेनड्राइव्हवरूनही गेम चालतात, पण त्या यूएसबीच्या वेगाने मधले व्हिडिओ कीर्तनातल्या बुवांसारखे थांबत थांबत पुढे जातात. काही जुनी मंडळी म्हणतात, डिस्क फिरल्याशिवाय पीएस टू कसला. मला तसं वाटत नाही. ज्या भागाची झीज होते त्याच्यावरचा भार कमी करणं यालाच मी निष्ठा म्हणतो. डिस्कचा आवाज हवा असेल त्याने महिन्यातून एकदा ऐकावा.

टीव्हीचं तू विचारलं नाहीस, पण ओंकारच्या घरी नवा टीव्ही आहे, पिवळी-पांढरी-लाल पिन लागणार नाही. तो छोटा एचडीएमआय ॲडॉप्टर मिळतो तो चालेल. मात्र आधी जुन्या टीव्हीवर मशीन लावून सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउट आरजीबीवरून 'वाय सीबी/पीबी सीआर/पीआर'वर आण. नाहीतर चित्राचे रंग हिरवे-गुलाबी येतात आणि मशीन जळालं म्हणून भगिनीमंडळ तुलाच फोन करेल. टीव्ही गेम मोडवर ठेवायचा, नाहीतर बटण दाबल्यावर फलंदाज विचार करून बॅट फिरवतो. मशीन प्रत्येक वेळी भाषा आणि तारीख विचारत असेल तर आतली सीआर२०३२ बटण बॅटरी संपली आहे, बाकी काही नाही.

तुझा निळा रिमोट आपोआप बटणं दाबतो ना? ड्युअलशॉक टूच्या आत पातळ फिल्म सर्किट असते आणि बोर्डाशी ती स्पंजच्या तुकड्याने दाबून धरलेली असते. स्पंज बसका झाला की संपर्क सुटतो आणि भुताटकी सुरू होते. स्पंजखाली इन्सुलेशन टेपची घडी घालायची, रिमोट नवा. हा रिमोट जप. त्याची बटणं किती जोरात दाबली हेही मोजतात. गाडी अर्ध्या दाबाने चालवणं, बंदूक न झाडता हळूच खाली घेणं, हे त्याच्यावर जमतं. पीएस फोरच्या रिमोटपासून सोनीने ते काढून टाकलं. म्हणजे तुझ्या नव्या महागड्या मशीनचा रिमोट या बाबतीत मागे आहे. आता मी हसरा चेहरा काढू का?

शिवाय तुझ्या फाइव्हमध्ये आपली एकही डिस्क चालणार नाही. पीएस थ्री २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा जपान-अमेरिकेतल्या पहिल्या ६० जीबी मशीनमध्ये पीएस टूच्या मूळ चिपा होत्या. युरोपच्या मशीनमध्ये मुख्य प्रोसेसर आधीच गाळला होता, आणि २००७ च्या शेवटी आलेल्या ४० जीबीत सगळंच बंद. त्यानंतर कुठल्याच मशीनने पीएस टूची डिस्क घेतली नाही. आणि गंमत बघ, थ्री दुकानात असताना गॉड ऑफ वॉर टू मार्च २००७ मध्ये पीएस टूवरच आला. हनुमान: बॉय वॉरियर आणि कबड्डी-विटीदांडूवाला देसी अड्डा हे भारतात बनलेले खेळ २००९ मध्ये पीएस टूसाठी निघाले, कारण आपल्याकडे घराघरात तोच होता. सोनीने उत्पादन थांबवलं जानेवारी २०१३ मध्ये, आणि फिफा १४ त्यानंतरही त्याच्यावर आला. मशीन जुनं झालं म्हणून लोकांनी टाकलं नाही, नव्या मशीनला जुनं वाचता येईना म्हणून दोन्ही ठेवली.

तर माझं म्हणणं असं: ओंकारला दे, जरूर दे. पण आधी मशीन माझ्याकडे पाठव. मी लेन्स बघतो, डिस्क बसवतो, कार्डाची कॉपी काढतो, एक रिकामं अस्सल कार्ड त्याच्यासाठी घालतो आणि दिवाळीआधी सांगलीला पोचवतो.

तुझं काय चाललंय? नवा मॅनेजर कसा आहे, वहिनींची बदली झाली का, काकांच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? सविस्तर लिही, मला सगळं ऐकायचं आहे. राधाला दहावीच्या शुभेच्छा सांग.

पार्सल करताना मशीनच्या ट्रेमध्ये डिस्क राहिली नाही ना ते बघ, हादऱ्याने लेन्सवर आपटते. चारही बाजूंनी दोन इंच थर्माकोल घाल. एव्ही केबल आणि निळा रिमोट त्याच खोक्यात. कार्ड मात्र कुरिअरने नको. गणपतीत येशील तेव्हा खिशातून आण.

तुझा,
पक्या