कॅसेटची पेटी मामाबरोबर पाठवा

पुणे,
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलायला लागता. मग कोण आधी बोलणार हे ठरेपर्यंत कुकरची शिट्टी होते आणि माझं सांगायचं राहूनच जातं. या खेपेला सांगण्यासारखं बरंच आहे. त्यातलं काही आईने चष्मा लावून, सावकाश वाचावं असं आहे, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. बाबा, अक्षराबद्दल काही बोलू नका. हातात पेन धरायची वेळ आता फक्त बँकेत आणि मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना येते.

घरी सगळं ठीक. फराळ संपत आलाय, चकल्या तर भाऊबीजेलाच संपल्या होत्या. तुझ्या जावयांना सर्दी आहे आणि ती जगात पहिल्यांदाच कुणाला तरी झाली आहे असं त्यांचं मत आहे. थोरल्याचे सहामाहीचे पेपर मिळाले. गणितात बरे आहेत, मराठीत ‘अक्षर सुधारा’ असा शेरा आहे. म्हणजे हा आजार घराण्यातच आहे. गुरुवारी पाणी नव्हतं, नेहमीप्रमाणे.

धाकटीचं बुद्धिबळाचं वेड वाढत चाललंय. २०२५च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्याकडे जेवणाच्या टेबलावरही घोडे आणि उंट असतात. फोनवर ती दहा-दहा मिनिटांचे डाव खेळते. समोर कोण असतं कुणास ठाऊक, कधी ब्राझीलचा माणूस, कधी कझाकस्तानचा. मी संध्याकाळी अर्धा तास ठरवून दिलाय आणि गप्पा मारायची सोय बंद करून ठेवलीय, म्हणजे डाव फक्त सोंगट्यांशीच होतो. तर तिची तक्रार अशी आहे की आजोबांचा राजा चीटिंग करतो. प्यादं पहिल्या खेपेला एकच घर चालवतात आणि राजाला एकदा घोड्याची उडी देतात. मी तिला सांगितलं की ती देशी पद्धत आहे, जुनी आहे आणि आजोबा तिच्यातच वाढलेत. पण बाबा, खरं सांगा, तुम्ही सायकल मारत सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघायला जायचात. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या त्या मंडळात राजाला कुणी घोड्याची उडी मारू दिली असती का? तुम्हाला दोन्ही नियम पाठ आहेत आणि हरायला आलात की तुम्ही देशी होता, असा मला संशय आहे. डाव सुरू व्हायच्या आधीच नियम ठरवा. ती आता मोठी झाली आहे, ऐकून घेणार नाही.

हयातीच्या दाखल्याचं. नोव्हेंबर संपत आलाय, बाबा. बँकेत रांगेत उभं राहायची खरंच गरज नाही, फोनवर चेहरा दाखवून दाखला निघतो. तुमच्या फोनमध्ये जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन्ही अ‍ॅप मी दिवाळीत घालून ठेवलीत. आधार क्रमांक, पेन्शनचा पीपीओ क्रमांक आणि बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान समोर ठेवा. ओटीपी तुमच्याच फोनवर येईल. खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहऱ्यावर उजेड पडला पाहिजे. मग सांगेल तेव्हा पापणी मिटायची, इतकंच. शेवटी जो प्रमाण आयडी येतो तो वहीत लिहून ठेवा. मला माहीत आहे तुम्हाला बँकेत का जायचं असतं ते. जुने सहकारी भेटतात, कोण कोण आहे आणि कोण नाही ते कळतं, बाहेर चहा होतो. तर चहाला अवश्य जा. फक्त दाखला आधी घरून काढा आणि मग निवांत जा.

आणि आई, परवा तू शेजारच्या काकूंना आलेल्या फोनबद्दल विचारत होतीस. पोलिसाच्या वेषात कुणी व्हिडिओवर येऊन ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, खोलीतून हलू नका’ असं म्हणाला तर सरळ फोन ठेवायचा. असली अटक आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. वाद घालायचा नाही, त्याला कायदा शिकवायचा नाही. हे मी तुला नाही, बाबांना सांगतेय. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा. काकूंनाही हा नंबर दे.

आता मुख्य गोष्ट.

दिवाळीहून निघताना बाबांनी कॅसेटची पिशवी दिली होती, ‘बघ, यातलं काही वाजतंय का’ म्हणून. ती या आठवड्यात सोडली. माळ्यावरचा जुना टू-इन-वन खाली काढला तर मोटर फिरते, पण चाकं ढिम्म. उघडून बघितलं तर आतला रबरी पट्टा वितळून पार डांबर झालेला. तो खरवडून काढायला तुझ्या जावयांना एक अख्खी संध्याकाळ लागली, आणि तेवढा वेळ ते सर्दी विसरले. मग मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. बाबा, तुम्हाला ती गल्ली आवडली असती. एका वीतभर दुकानात एक आजोबा बसले होते. मी मॉडेलचं नाव सांगायला लागले तर म्हणाले, नाव नको, दोरा गुंडाळून माप आणलंय का? आणलं होतं. डब्यातून पट्टा काढला, बोटांवर ताणून बघितला आणि दिला. सोबत सल्ला दिला की हेड आणि रबराचं चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण रबराला जास्त पाजू नका.

रेकॉर्डिंगची तऱ्हा सोपी आहे. टू-इन-वनच्या इअरफोनच्या भोकातून वायर घेतली, ती एका छोट्या यूएसबी साउंड कार्डाला जोडली आणि ते लॅपटॉपला. लॅपटॉपवर ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाची रेघ उमटत जाते. यात घाई मात्र करता येत नाही. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या चालीनेच पुढे सरकते, त्यामुळे साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे साठ मिनिटं. मला ते आवडलं. एक बाजू लावायची, कणीक मळायची, पोळ्या होईपर्यंत बाजू संपते.

बहुतेक कॅसेट बाबांच्या उरुसातल्या. मिरजेतल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातली संगीतसभा, रात्रीची. गाणं आहेच, पण मला गाण्याआधीचं फार भावलं. तंबोरे लागत असतात, कुणी खोकतं, कुणी दबक्या आवाजात ‘जरा सरकून घ्या’ म्हणतं. एका कॅसेटवर बाबा चक्क कुणाला तरी तंबोऱ्याचा भोपळा सतारमेकर गल्लीत कसा वाळवतात ते समजावतायत आणि मागून ‘शूऽऽ’ असा आवाज येतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही फोनवर मला हेच सगळं सांगितलं होतंत, जवळजवळ त्याच शब्दांत. तेव्हा शूऽऽ करायला कुणी नव्हतं.

या सगळ्या कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लॅस्टिकचे छोटे तुकडे बाबांनी मोडून टाकले होते, वर कुणी काही भरू नये म्हणून. फक्त एक कॅसेट वेगळी निघाली. तिचेही तुकडे मोडलेले, पण त्या भोकांवर चिकटपट्टी लावलेली, म्हणजे पुन्हा भरता येईल अशी. लेबलावर बाबांच्या अक्षरात ‘दर्गा, उरूस’, त्यावर एक रेघ, आणि खाली आईच्या अक्षरात एकच शब्द: ‘आई’.

म्हणजे आई, तू बाबांच्या उरुसावर आजी भरलीस.

बाबा, आता रागावण्यात अर्थ नाही, चाळीस वर्षं होत आली. आणि तुमचा उरूस अगदीच गेलेला नाही. दुसऱ्या बाजूला आजी थांबते, खट्‌ असा आवाज होतो आणि पुढे तुमचा तंबोरा चालू राहतो.

आजी जात्यावर आहे. आधी नुसती घरघर, मग ‘पहिली माझी ओवी गं’, आणि मग ती थांबतच नाही. मी पोळ्या लाटायच्या थांबले. थोरला हेडफोन काढून आला आणि विचारलं, हे कोण? त्याने आजवर तिचा फक्त भिंतीवरचा फोटो बघितला होता.

इथे आमच्यात मतभेद झाले. जावयांचं म्हणणं, घरघर काढून टाकू, आवाज स्वच्छ होईल. ऑडॅसिटीत तशी सोय आहे. नुसत्या खरखरीचा एक तुकडा निवडून दाखवायचा, मग तो सगळीकडून तेवढीच खरखर वजा करतो. करून बघितलं. त्या सॉफ्टवेअरला जातं म्हणजे बिघाड वाटतो. त्याने जातं काढलं आणि आजी पाण्याखालून गायला लागली. शिवाय जात्याचा फेरा गेला तसा ओवीचा तोलही गेला, दोन ओळींच्या मधे ती कशासाठी थांबतेय तेच कळेना. मी ते रद्द केलं. फक्त वीजपुरवठ्याची बारीक गुणगुण काढली, बाकी एक अक्षर हलवलं नाही. मूळ फाइल आहे तशी दोन ठिकाणी ठेवलीय.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता पारीच्या, म्हणजे ग्रामीण भारताबद्दलच्या त्या ऑनलाइन संग्रहाच्या, संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मी रात्री बसून बऱ्याच ऐकल्या. आजीच्या काही ओव्या त्यांच्याशी जुळतात, एखादा शब्द इकडेतिकडे. पण काही कुठेच सापडत नाहीत. त्यात गावांची नावं आहेत, माणसांची आहेत, आणि ती मला लागत नाहीत. ती फक्त तुला लागतील.

म्हणून आई, तुझ्याकडे काम आहे. पेनड्राइव्हवर एमपी-थ्री करून ओव्या घातल्यात. बाबांच्या नव्या स्पीकरला मागे भोक आहे त्यात तो बसतो. एकेक ओवी वेगळी केलीय, म्हणजे पुन्हा ऐकायची तर मागे-पुढे करत बसायला नको. तू ऐक आणि जे आठवेल ते बोल, बाबा फोनवर रेकॉर्ड करतील. लिहीत बसू नकोस. एका ओवीत भाऊरायाचं गाव येतं ते नीट ऐकू येत नाही, तासगाव की आटपाडी? मधे हसतं ते कोण, धाकटी मावशी? आणि एका विठ्ठलाच्या ओवीच्या मागे दुरून आगगाडीची शिट्टी आहे. आजीचं घर स्टेशनजवळ, म्हणजे ती पंढरपूरला जाणारी छोटी गाडीच असणार, बार्शी लाईटची. थोरल्याला नॅरोगेज म्हणजे काय ते दोन्ही हातांनी दाखवावं लागलं. ती शिट्टीही काढू देणार नाही मी.

अजून एक. दुसऱ्या बाजूला आजीच्या मागोमाग ओळ उचलणारा दुसरा एक आवाज आहे. कोवळा, जरासा लाजत, पण सुरात. ‘मला गाता येत नाही’ असं जन्मभर सांगत आलेल्या बाईचा तो आवाज आहे, अशी मला दाट शंका आहे. यावर तुझं काय म्हणणं आहे ते ऐकायची फार उत्सुकता आहे.

मामा पुढच्या रविवारी कोयनेने पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर कॉटखालची ती पत्र्याची पेटी पाठवा. पोस्टाने किंवा कुरिअरने नको. कॅसेट उभ्या ठेवा, मधे वर्तमानपत्र कोंबा. मामाला सांगा, पेटी गाडीत उन्हाच्या बाजूला ठेवायची नाही. आणि मधल्या दिवसांत ती मोठ्या स्पीकरशेजारी ठेवू नका, त्यात लोहचुंबक असतं. बाबा, ‘एकदा लावून बघतो’ म्हणून कुठलीही कॅसेट तिकडच्या प्लेअरवर लावू नका, तो टेप खातो. लेबलं निघाली असतील तर नवीन चिकटवू नका, सुटं लेबल त्याच डबीत घाला.

आणि भोकांवर चिकटपट्टी लावलेली आणखी एखादी निघाली, तर ती पट्टी काढायच्या आधी आईला विचारा.

तुमची,
थोरली

ता. क. मामाबरोबर चिवडा पाठवू नकोस. इथे अजून डबाभर शिल्लक आहे. चकल्या चालतील.