प्रमाणपत्राआधी कारखान्याचे वीजबिल पाहा

महोदय,

प्लास्टिकबंदीची मोहीम निघाली की पालिकेचे पथक आधी भाजीवाल्याच्या गाडीवर जाते. पहिल्याच खेपेला ५ हजारांची पावती फाडली जाते, पिशव्यांच्या ढिगासोबत फोटो निघतो. २०१८ पासून आपण हे पाहतोच आहोत. त्याच प्लास्टिकवर पुढे पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांवर मात्र एवढी करडी नजर दिसत नाही.

२०२२ च्या नियमांनुसार प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकणाऱ्या कंपन्यांना ठरावीक कचऱ्याची विल्हेवाट दाखवावी लागते. त्यासाठी पुनर्प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याकडून, इतक्या टन कचऱ्यावर प्रक्रिया केल्याची प्रमाणपत्रे विकत घेतली तरी चालतात. पाणी मुरते ते इथेच. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत सुमारे ६ लाख प्रमाणपत्रे बनावट निघाली. ती काढणाऱ्यांत महाराष्ट्रातलेही होते.

याउलट मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंड या भंगाराच्या वस्तीत कचरा वितळवून खरोखरच प्लास्टिकचा दाणा (नव्या वस्तूंचा कच्चा माल) तयार होतो. तिथला कामगार तुकडा वाकवून, जाळून, वास घेऊन माल ओळखतो. पण धुलाईचे फेसाळ पाणी गटारात जाते आणि दाण्याच्या मशीनची वितळलेले प्लास्टिक गाळणारी जाळी तुंबली की ती उघड्यावर जाळून मोकळी करण्याची या धंद्यात सर्रास रीत आहे. त्या धुराने डोळे चुरचुरतात, आणि काम करणारा तोंडाला साधा रुमाल बांधून उभा असतो. हे चालू द्या असे मी म्हणत नाही. पण नुसते टाळे ठोकले तर तोच माल आणखी आडबाजूच्या गाळ्यात जाईल. या छोट्या कारखानदारांना सांडपाण्याची सामाईक सोय आणि मुदत द्यावी. मग मात्र सवलत नको.

बड्यांसाठी उपाय सोपा आहे. कटिंग, धुलाई, दाणा, सगळे विजेवर चालते. हजारो टनांचा हिशेब दाखवणाऱ्याचे बिल पिठाच्या गिरणीएवढे असेल, तर तिथे काय शिजते हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. एप्रिल २०२४ पासून त्याऐवजी १० हजार ते १५ लाखांचा दंड आहे. बनावट कागदांवर कमावणारा तो खर्चात धरून चालेल. तेव्हा प्रमाणपत्र विक्रीला जाण्याआधीच मंडळाने वीज कंपनीकडून थेट त्या महिन्याचे बिल मागवावे आणि टनांशी ताडून पाहावे.

– एक वाचक, कल्याण