चेहऱ्याच्या फ्रॅक्चरला सरसकट अँटिबायोटिक नको: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

मी कोकणात जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या हाडांच्या शस्त्रक्रिया करतो. हापूस उतरवताना झाडावरून पडलेले गडी, परशुराम घाटात दुचाकीवरून आपटलेली पोरं माझ्याकडे येतात. बहुतेकांच्या खिशात अँटिबायोटिकची पाच-सात दिवसांची पट्टी आधीच असते. गालाच्या हाडाला नुसती चीर, कातडी शाबूत, ऑपरेशनची गरजही नाही, तरी पट्टी असतेच.

अशा रुग्णाला त्या गोळ्यांचा उपयोग नाही. ऑपरेशन करायचे नसेल तर चेहऱ्याच्या फ्रॅक्चरला प्रतिबंधक अँटिबायोटिक देऊ नये, असे अमेरिकेतील सर्जिकल इन्फेक्शन सोसायटीचे मार्गदर्शन सांगते. ऑपरेशन असेल तर चीर देण्याआधी तासाभरात एक डोस द्यावा आणि २४ तासांच्या आत औषध थांबवावे. पुढे आठवडाभर गोळ्या चालवल्याने जंतुसंसर्ग कमी होत नाही. जुलाब, अंगावर पुरळ आणि औषधाला न जुमानणारे जंतू मात्र पदरी पडतात.

खालचा जबडा दातांच्या ओळीत तुटला की गोष्ट वेगळी. हिरडी फाटून तोंडातले जंतू थेट हाडापर्यंत पोचतात. ऑपरेशनपर्यंत औषध द्यावे का, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत, म्हणून तो निर्णय सर्जनशी बोलूनच व्हावा. आणि इथेच कोकणाचे दुखणे आहे. ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर रात्री एकटा असतो. सर्जन कोल्हापूरला नाहीतर मुंबईला. रुग्ण कधी पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून तो भीतीपोटी गोळ्या लिहितो. त्याला मी दोष देणार नाही. पण लांबलेल्या ऑपरेशनची भरपाई गोळ्यांनी होत नाही. हलणारे हाड लवकर स्थिर करणे, तोंड स्वच्छ ठेवणे, तंबाखू-मिश्री बंद करणे, यांचा रुग्णाला खरा फायदा होतो. सायनसपर्यंत, म्हणजे नाकाशी जोडलेल्या हाडातल्या पोकळीपर्यंत, चीर गेली असेल तर नाक जोरात शिंकरू नका, एवढे सांगायला पैसे लागत नाहीत, तरी ते केसपेपरवर क्वचितच दिसते.

साहेब, औषधे कधी द्यायची, कधी नाही आणि कधी थांबवायची, हे सांगणारा एक पानाचा मराठी नियम काढा. रात्री फोन उचलणारा सर्जन ठरवून द्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत जबड्याला प्लेट बसवण्याची सोय बारमाही ठेवा. आंबा उतरायला लागण्याआधी तो कागद कळंबणीपासून कणकवलीपर्यंतच्या प्रत्येक अपघात विभागात पोचलेला असावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
कोकणातील एक मुखशल्यचिकित्सक