उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र : सहाव्या पसंतीचं कॉलेज

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

सा. न. वि. वि.

मी एसटीच्या कार्यशाळेत कारागीर आहे. आमचं लिहिणं जॉब कार्डापुरतं, तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्यावं. कामं दोन आहेत. थोरल्या मुलाची मूळ कागदपत्रं त्याच्या कॉलेजकडून सोडवून द्यावीत, हे पहिलं. धाकट्या मुलीला त्याच कॉलेजात घालावं का, हे दुसरं. दुसरं तुमच्या खात्याचं काम नाही असं कुणी म्हणेल. पण तिला तिथे तुमच्याच नियमानं नेऊन सोडलंय, म्हणून विचारतो.

आधी सोमवारचं सांगतो. मुलानं यंदा मेकॅनिकल इंजिनिअरिंग पुरं केलं. चाकणला एका कारखान्यात ट्रेनी म्हणून निवड झाली, हातात पंधरा हजार पाचशे. हजर होताना बारावीची मूळ गुणपत्रिका आणि टीसी दाखवायची आहे. रजा टाकून आम्ही दोघं कॉलेजात गेलो. खिडकीतल्या क्लार्कनं संगणकात बघितलं आणि म्हणाला, "ब्याण्णव हजार बाकी दिसतात."

मी पावत्यांची पिशवीच काउंटरवर ठेवली. चार वर्षांतली एकही पावती हरवलेली नाही.

"तुमच्या वाट्याचं भरलंय हो काका. सरकारच्या वाट्याचं कुठंय?"

साहेब, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची तुमची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलं तर निम्मं शिक्षण शुल्क शासन देतं. आमचं शिक्षण शुल्क वर्षाला ९२ हजार. शासनाचे ४६ हजार शेवटची दोन वर्षं आलेच नाहीत, असं कॉलेजचं म्हणणं. आले की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर 'मंजूर' दिसतं. तक्रार टाकली, तर तेराव्या दिवशी मोबाईलवर मेसेज आला : आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. तेराव्याला निकाली काढली, हे मात्र रीतीला धरून झालं.

मूळ कागदपत्रं अडवता येत नाहीत, हे मला माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं ऑक्टोबर २०१८ मध्ये तशी अधिसूचनाच काढली आहे. मी क्लार्कला ते बोलून दाखवलं. तो चिडला नाही. हळूच म्हणाला, "काका, नियम माझ्या पगाराचापण आहे. पाच महिने झाले." यावर मी काय बोलणार? बाहेर आलो आणि चहा घेतला. चहाचे पैसे पोरानं दिले.

ज्यांच्या नावानं ही योजना चालते त्या महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. तेव्हा पोर्टल नव्हतं, म्हणून जमलं असावं.

आता मुलीचं. सीईटीत तिला बऱ्यापैकी पर्सेंटाइल मिळाले. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, भरताना भावाचं कॉलेज सहाव्या नंबरवर टाकलं, कारण यादी भरायची होती आणि आम्हाला दहा-बारा नावंच धड माहीत होती. यंदाचा, २०२५ चा, नियम असा की तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातलं काहीही लागलं की ऑटो फ्रीझ. म्हणजे घ्या, नाहीतर पुढच्या फेरीतून बाहेर. लागलं तेच. शाखा एआय आणि डेटा सायन्स.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आमच्यासारख्या ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. घरात आम्ही त्या दिवशी खरंच गोड केलं होतं. मुलगी तेव्हा अकरावी संपवून बारावीत गेली होती. कॉलेज म्हणतं, माफ आहेच, फक्त एक हमीपत्र द्या. शासनाकडून रक्कम न आल्यास पालक भरतील. सोबत पुढच्या तारखेचा चेक. हमीपत्र स्टॅम्प पेपरवर, आणि तो आता शंभराचा मिळत नाही, पाचशेचा घ्यावा लागतो. माफीची सुरुवात पाचशेच्या खर्चानं.

तर हे कॉलेज घ्यावं का? मी यंत्रावरचा माणूस आहे, यंत्रावरूनच सांगतो.

मुलगा दुसऱ्या वर्षाला असताना एक दिवस घरी आला तो शर्टाच्या उजव्या बाहीला हिरवा ऑइल पेंट लावून. त्या दिवशी कॉलेज तपासायला कमिटी यायची होती. आदल्या रात्री वर्कशॉपमधल्या लेथना रंग मारला होता आणि पोरांना बजावलं होतं, टेकू नका. हा टेकला. पुढच्या महिन्यात पालक मेळावा होता. सगळे नाश्त्याला गेले तेव्हा मी त्या लेथपाशी गेलो. चक, म्हणजे लोखंड पकडून फिरवणारा भाग, हातानं फिरवून बघितला, फिरेना. रंग जबड्यांच्या फटीत जाऊन वाळलेला. खाली ट्रेमध्ये लोखंडाचा एक कीस नाही. ज्या लेथखाली कीस नाही तो लेथ चाललेला नाही, हे सांगायला कुठली कमिटी लागते? मागे वाकून बघितलं, तर केबल भिंतीपर्यंत पोचलेलीच नव्हती. कमिटीला हे दिसलं नाही. कमिटी बहुतेक नाश्त्यालाच होती.

तेव्हाच मुलाला काढायला हवं होतं, हे मी कबूल करतो. पण दीड वर्षाचे पैसे गेले होते, आणि आपल्यासारखी माणसं गेलेल्या पैशाच्या मागे उरलेले पैसे पाठवतात.

पोराच्या वर्गात जागा ६०, पोरं २३. आता तो वर्कशॉपचा हॉल अर्धा पार्टिशन घालून एआयला दिला आहे. लेथ शिकवणारे सर तिथे शिकवतात. सर चांगले आहेत. त्यांनी सुट्टीत ऑनलाइन कोर्स केला. चांगल्या संस्थांना वाव मिळावा म्हणून दिल्लीच्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं २०२४ पासून एका शाखेत किती जागा असाव्यात याची कमाल मर्यादाच उठवली, आणि आमच्या कॉलेजनं आपण चांगले आहोत हे लगेच ओळखलं. जागा १२०. शुल्क १ लाख १२ हजार. गुणाकार मी मोबाईलवर केला : १ कोटी ३४ लाख ४० हजार. एक शाखा, एक वर्ष. आणि क्लार्कचा पगार पाच महिने नाही. जागा सगळ्या भरल्या नसतील, सवलती असतील, मान्य. मग खरा हिशेब तुम्ही लावा, शुल्क नियामक प्राधिकरणाकडे कागद आहेत.

गेटवर फ्लेक्स आहे, ९७ टक्के प्लेसमेंट. एकाच पोराला तीन ठिकाणी ऑफर आली तर फोटो तीनदा छापतात, शर्ट मात्र तोच असतो. माझ्या मुलाची चाकणची नोकरी आमच्याच भाच्याच्या ओळखीनं लागली. तोही फ्लेक्सवर आहे. तो भाचा दहावीनंतर आयटीआयला गेला, फिटर, मग अ‍ॅप्रेंटिस. ओव्हरटाइम धरून सव्वीस हजार घरी नेतो आणि माझ्या इंजिनिअर पोराला म्हणतो, ये, शिकवतो. चार वर्षांत फी, बस, युनिफॉर्म आणि 'पर्सनॅलिटी'चे बारा हजार धरून माझे तीन लाखांच्या आसपास गेले. पर्सनॅलिटीत टाय बांधायला शिकवला.

त्या तीन लाखांचंही ऐका. पोराच्या प्रवेशाच्या वर्षी, २०२१ च्या दिवाळीत, एसटीचा संप लागला. एप्रिलपर्यंत आम्ही बाहेर. पगार नाही आणि फीचा दुसरा हप्ता तोंडावर. बायकोच्या पाटल्या गेल्या. मी रात्री गॅरेजला रिक्षांची इंजिनं खोलत होतो. त्या महिन्यांत एका रुपयाची सूट कॉलेजनं दिली नाही. उलट विलंब शुल्क रोज पन्नास रुपये. आज शासनाचा हप्ता दोन वर्षं लटकलाय, त्याला विलंब शुल्क नाही. ते कॉलेज माझ्याकडून वसूल करतं.

मला सांगतात, शिक्षण हा धंदा नाही, संस्था ट्रस्टच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानंही २००२ साली सांगितलं, वाजवी शिल्लक ठेवा, नफेखोरी नको. बरं. १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. आपली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जातात, ती इथेच शिकावीत, असा हेतू सांगतात. हेतूवर माझा आक्षेप नाही. पण दादांच्या मागे जे आले त्यांनी आधी साखर कारखाना काढला, मग कॉलेज. कारखान्यात ऊस कमी भरला तर शेतकरी निदान रस्त्यावर बसतो. कॉलेजात पोरगा कमी शिकला, तर काटा कुठे लावायचा? आणि तपासायला जाणार कोण? संस्था पुढाऱ्यांच्या, यांच्या व्याह्यांच्या, नाहीतर विरोधी पक्षातल्या यांच्या मित्रांच्या. विधानसभेत भांडतात आणि संस्थाचालकांच्या बैठकीत शेजारी बसतात. शिक्षणमहर्षी! आमच्या डेपोत महर्षी नाहीत, पण ब्रेक न तपासता गाडी बाहेर काढली तर निलंबन होतं.

मागणी जास्त नाही. कागदपत्रं सुटावीत. हमीपत्र आणि चेक मागणं बेकायदा आहे, असं एक ओळीचं पत्र कॉलेजला जावं. आणि फ्लेक्सवरच्या प्रत्येक पोराचा पीएफ जमा होतो का, तेवढं ताडून कॉलेजवार यादी तुमच्या सीईटी कक्षानं ऑप्शन फॉर्मच्या शेजारी लावावी. एवढं असतं तर सहाव्या नंबरवर मी ते नाव टाकलंच नसतं.

रिपोर्टिंगची, म्हणजे कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायची, मुदत परवा संध्याकाळी पाचची. मुलगी म्हणते, पप्पा, जागा सोडली तर वर्ष जाईल. बायको म्हणते, घेतली तर चार जातील. मुलाच्या कंपनीनं त्याला एक आठवडा वाढवून दिलाय, पुन्हा देणार नाहीत. स्टॅम्प पेपर आणलाय. कपाटात आहे, कोरा.

आपला,
एसटी कार्यशाळेतील एक कारागीर,
सोलापूर जिल्हा

ता. क. : सही केली नाही, तर स्टॅम्पचे पाचशे कोणत्या शीर्षाखाली परत मागायचे, तेही कळवावं.